बिनतारेचा खांब

मळ्यातली वस्ती, ता. भूम
११ फेब्रुवारी १९८७

चि. मच्छिंद्र,

आशीर्वाद हायेतच, पण आधी शिवी खा. पुण्याला गेल्यापासून बहीण जिती हाय का मेली, त्याची एका कार्डानं चौकशी न्हाय. दिवाळीला आलास तवा मोठ्या तोंडानं सांगत हुतास, आमच्या कारखान्यात उन्हावर वीज करायच्या काचा बनत्यात म्हणून. कोपरा तडकलेली काच बाजूला काढत्यात आन ती कामगाराला मिळती, असं बी म्हणलास. मला तसली काच पायजे. तिच्यावर पंखा फिरला पायजे. लुगडं नको, भाऊबीज नको, दुसरं कायबी नको.

का पायजे ते ऐक. तेराव्याला आलास तवा रडारडीत तुला नीट सांगायचं राहून गेलं. तुझे दाजी अर्धांगानं पडले, ते गेल्या उन्हाळ्यात, ह्या पत्र्याच्या खोलीत. आपली वीज मंजूर झालेली. शेवटचा एक खांब तेवढा महारुद्र भावजींच्या रानात पडत हुता. खांब गाडीवर आला, खड्डा खांदून झाला, आन आमचे भावजी, सोसायटीचे चेअरमन, ह्यांच्या पाठीवरचा सख्खा भाऊ, धोतर सावरून त्या खड्ड्यात जाऊन बसले. म्हणले, "खांब माझ्या रानात नको. औताला आड येतो. मी हितनं उठत न्हाय." वायरमन लोकांनी लई मनधरणी केली. शेवटी खांब माघारी गेला आन भावजींनी सांज व्हायच्या आत खड्डा बुजवून टाकला.

मग समदा उन्हाळा म्या सुपानं वारा घातला. माझा हात थांबला की ह्यांचे डोळे उघडायचे. वाचा गेलेली. नुसते दाराकडं बघायचे, खांब आला का म्हणून. गेले तवा बी दाराकडंच बघत हुते. तुझ्या दाजींसारखा, बलभीम पाटलासारखा गडी, आन वाऱ्यावाचून गेला रे.

भावजींच्या स्लॅबच्या घरात दोन पंखे फिरत्यात. माझ्या दारातनं दिसत्यात. त्यांचा खांब न घेता, त्यांची तार न घेता, त्यांच्या डोळ्यांदेखत मला माझा पंखा फिरवायचा हाय. बहिणीचं एवढं कर.

तुझी अक्का,
धुरपता


पुणे
३ मार्च १९८७

ती. अक्का,

शिवी पोचली, गोड लागली. नमस्कार घे.

काच मिळाली. एक कोपरा चिरलेला आहे, पण काम देते. कारखान्यात तिला पॅनेल म्हणतात, तू काचच म्हण. पंखा मात्र छताला टांगायचा नाही. ट्रकवाल्यांच्या डोक्यावर असतो तसला छोटा आहे, भवानी पेठेतल्या जुन्या मालाच्या दुकानातून आणला. एका माणसाला पुरेल इतकाच वारा देतो. बॅटरी घातलेली नाही, ऊन पडलं की फिरेल आणि मावळलं की थांबेल. एस.टी. पार्सलनं भूमच्या स्टँडवर येईल, तेवढं कुणाला तरी पाठवून आणून घे.

काच पत्र्यावर ठेव, तोंड दक्षिणेला, जराशी कलती. तांबडी वायर तांबडीला, काळी काळीला. सावली कुठली पडू देऊ नकोस. धूळ बसली की फडक्यानं पूस.

अक्का, एक विचारतो, रागावू नकोस. हा पंखा तुला वाऱ्यासाठी हवा आहे की भावजींसाठी? वाऱ्यासाठी असेल तर सुखानं वापर. दाजींची मलाही आठवण येते.

तुझा,
मच्छिंद्र


मळ्यातली वस्ती
२९ मार्च १९८७

मच्छिंद्रा,

तुझी काच भिकार निघाली!

परवा शिडी लावून मीच चढले, मीच तारा जोडल्या. पंखा असा भिंगरीवानी फिरला, मला हसू आवरंना. रडू बी आवरंना, ते जाऊ दे. पण तुझ्या काचंला खोड हाय. सकाळी झकास चालती आन दुपारी, जवा जीव तळमळतो, तवाच मरती. तीन दिवस हेच चाललंय. भावजी बांधावरनं जाताना थांबले, वर बघितलं आन म्हणले, "वहिनी, तुमचा पंखा दुपारची झोप घेतो जणू." त्यांना हसायला मिळावं म्हणून मागितली हुती का म्या?

माझ्याकडनं हयगय न्हाय, शप्पत. उलट मी जिवापाड जपती. अकरा वाजलं, ऊन तापायला लागलं, की शिडी चढून काचंवर वाकळ घालती. आधीच चिरलेली, उन्हानं तडकली तर? ह्यांची धोतरं, सदरे म्या कुणाला दिले न्हायत, समद्यांची मिळून ती वाकळ शिवली हाय. घरातली सगळ्यात जाड तीच. तुझ्या काचंवर मी नवऱ्याची वाकळ घालती, आजून किती जपायचं?

काय दुरुस्ती करायची ती लवकर कळव.

अक्का


पुणे
६ एप्रिल १९८७

ती. अक्का,

तुझं पत्र खोलीतल्या पोरांना वाचून दाखवलं. सगळे लोळले. माफ कर, पण मीही लोळलो.

अगं माझे आई, ऊन हीच त्या काचेची भाकरी! भरल्या ताटावर तू वाकळ घालतेस आणि वर म्हणतेस काच उपाशी का. ती उन्हानं तडकत नाही, उन्हासाठीच केलेली आहे. ऊन जेवढं कडक तेवढा पंखा जोरात. ज्या उन्हानं जीव जातो, त्याच उन्हावर तो फिरतो. वाकळ काढ, घडी घालून पेटीत ठेव. भावजींना म्हणावं, आता दुपारी या बघायला.

नीट लक्षात ठेव, झाकलं की पंखा बंद, उघडलं की चालू. ह्यापलीकडे त्यात काही शास्त्र नाही.

तुझा,
मच्छिंद्र


मळ्यातली वस्ती
४ मे १९८७

चि. मच्छिंद्र,

हसलास ते बरं केलंस, चुकलंच हुतं. आता माझी पाळी हसायची.

गावाची डीपी जळाली! धाड करून आवाज झाला आन समद्या गावाचे पंखे जागच्या जागी थांबले. भूमच्या हाफिसातनं सांगत्यात, दुसरी डीपी यायला महिना तरी लागंल. चेअरमनसाहेब दोन खेपा जाऊन आले, हात हालवीत परत. हिरीत पाणी न्हाय, टँकरची वाट, आन वर हे ऊन. स्लॅबचं घर म्हणजे तापलेला तवा. पंचक्रोशीत पंखा फिरतो तो एकट्या धुरपताचा! म्या पंखा उंबऱ्याजवळ आणून ठेवलाय, रस्त्यावरनं दिसंल असा. बाया येऊन बसत्यात, वारा खात्यात, तुला दुवा देत्यात. भावजी रस्ता बदलून जात्यात. काय सांगू तुला, जेवण ग्वाड लागाय लागलंय.

आन आता ऐक. परवा रोजगार हमीच्या कामावर उन्हात हुबे असताना भावजींना भोवळ आली. अंगाची भट्टी, तोंडाला फेस. भूमला सलाइन लावलं, जागा न्हाय म्हणून घरी धाडलं. डाक्तरनं सांगितलं, ओलं फडकं आन वारा, ह्यावर माणूस उठंल, पण वाऱ्याबिगर ठिवू नका. वारा कुठाय? सकाळी माझी जाऊ सारजा दारात आली. आत यीना. उंबऱ्याबाहेरनंच म्हणली, "बाई, कुठल्या तोंडानं मागू? पण ह्यांना तुमच्या पंख्यापुढं घ्या."

म्या एका शब्दानं न्हाय म्हणलं न्हाय. म्हणलं, आणा. ज्या बाजंवर हे गेले, तीच बाज पंख्यापुढं टाकली.

कशी काय बहीण तुझी?

अक्का


पुणे
११ मे १९८७

ती. अक्का,

पत्र वाचून मान ताठ झाली. मी उगीच तुझ्यावर संशय घेत होतो, पंखा भावजींसाठी हवा का म्हणून विचारत होतो. ज्यानं खांब अडवला त्यालाच वारा देतेस, ह्याला काळीज लागतं. आपली आई असती तर आपल्या तेर गावच्या वेशीत साखर वाटली असती तिनं.

दाजींचीच बाज दिलीस हे वाचून तर गहिवरून आलं. भावजींची तब्येत कळव. पंख्याचा आवाज आला तर मागे दोन थेंब तेल सोड.

तुझा,
मच्छिंद्र


मळ्यातली वस्ती
२६ मे १९८७

चि. मच्छिंद्र,

भावजी बरे झाले. चालाय फिराय लागले. मधी एक दिस दुपारी पंखा बंद पडला हुता, आभाळ आलं हुतं. तेवढ्यानं काय झालं न्हाय.

दुसरी गोष्ट. भावजींनी आपल्या रानात खांबाचा खड्डा परत खांदला. गडी लावला न्हाय, स्वताच्या हातानं, टिकाव घेऊन. अर्धं गाव बघाय गेलं हुतं. पैल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. मी उंबऱ्यात बसून बघत हुते. वायरमनला त्यांनीच निरोप धाडला. चार दिसांत खांब येणार हाय.

तेल सोडलं. पंखा ब्येस हाय.

अक्का


पुणे
३ जून १९८७

अक्का,

एक तर तू पत्रात कधी इतकं थोडं लिहीत नाहीस. आणि दुसरं, मी रोज रेडिओवर हवामान ऐकतो. अख्ख्या मे महिन्यात उस्मानाबाद जिल्ह्यावर हाताएवढा ढग नव्हता. आभाळ कुठून आलं?

मी आधी घाबरलो की काच बिघडली. मग तुझं पत्र परत वाचलं. जो माणूस भाऊ मरतोय हे दिसत असताना खड्ड्यातून उठला नाही, तो उठून हाताला फोड येईपर्यंत खड्डा खणतो? कशापायी? उपकाराला जागणाऱ्यांतले भावजी नव्हेत, तूच सांगायचीस.

माहेरच्या माणसाशी खोटं बोलू नकोस. काय केलंस?

मच्छिंद्र


मळ्यातली वस्ती
१४ जून १९८७

मच्छिंद्र,

विचारलंस तर ऐक. लपवायचं हुतं ते तू रागावशील म्हणून. मला लाज वाटती म्हणून न्हाय.

दुपारची येळ हुती, पत्रा नुसता रटरटत हुता. भावजींचा डोळा लागलेला. सारजा भिताडाला टेकून बसलेली. म्या पेटी उघडली, वाकळ काढली, शिडी चढले आन काचंवर टाकली. तूच लिहिलं हुतंस, झाकलं की बंद.

खाली आले तवा पंख्याची पाती हळूहळू थांबत हुती. मी बाजंसमोर जाऊन बसले. भावजींचे डोळे उघडले. मच्छिंद्रा, तसेच उघडले रे, अगदी तसेच! दोघं भाऊ एका आईचे, डोळे एकच. तोंड उघडं, छाती वरखाली, अंगावर घामाचा थेंब न्हाय. सारजानं कोपऱ्यातलं सूप उचललं आन वारा घालाय लागली. तिच्या बांगड्या वाजाय लागल्या. गेल्या उन्हाळ्यात माझ्या वाजायच्या. तिचा हात भरून आला, तिनं सूप दुसऱ्या हातात घेतलं. थोड्या येळानं तो बी भरला. हात थांबला की भावजींचे डोळे मोठे व्हायचे. मी बघत बसले. मला जो गारवा वाटला, तो तुझ्या पंख्यानं कवाच वाटला न्हवता. जीव निवला माझा.

सारजाला उमगलं. ती वर पत्र्याकडं बघून म्हणली, "बाई, काय टाकलंय ते काढा, पाया पडती." मी हालले न्हाय. मग भावजींनीच मान वळवली. आवाज कसला, नुसती कुजबुज. म्हणले, "वहिनी, दादाला असंच व्हत हुतं का?"

म्हणलं, "व्हय. फरक एवढाच, तुम्हाला बोलता येतंय."

मग म्या सांगितलं, "ज्या खड्ड्यात बसला हुता, तो परत खांदायचा. उठून चालाय लागला की दुसऱ्या दिवशी. स्वताच्या हातानं, गडी लावायचा न्हाय. खांब मधोमध रवायचा, जिथं तवा रवणार हुते तिथंच." त्यांनी मान हालवली. म्हणलं, तोंडानं बोला. ते "व्हय" म्हणले.

तवा शिडी चढून वाकळ काढली. दया आली म्हणून काढली असं कुणाला सांगू नकोस. भावजी मेले असते तर खड्डा कुणी खांदला असता?

अक्का


पुणे
६ ऑक्टोबर १९८७

ती. अक्का,

चार महिने लिहिलं नाही. कितीदा बसलो आणि कागद फाडून टाकला. माणूस गेला असता, अक्का. आणि ती काच मी पाठवली होती. दाजींवर माझा जीव होता, तरी तसला सूड त्यांनी स्वतःही घेतला नसता. हे तुला सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहिता येत नव्हतं, म्हणून आधी हेच लिहिलं. आता माझं बोलून झालं.

मनाची समजूत एवढ्यावर घातली की निदान शेवट बरा झाला, खांब आला, तुझ्या घरी दिवा लागला. आणि परवा सारजावहिनींचा भाऊ मंडईत भेटला. तो सांगतो खांब नुसताच उभा आहे, त्याला तारच नाही! वायरमन दोनदा तार घेऊन आले आणि तू त्यांना चहा पाजून परत धाडलंस, मीटरच्या कागदावर सही करत नाहीस.

हे काय आता? भावजी वाकले, खड्डा खणला, आणखी काय पाहिजे? काच फक्त उन्हात चालते. सांजेनंतर तू रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात बसतेस. हे कुणाचं नुकसान? राग संपला असेल तर सही कर. संपला नसेल तर कधी संपणार तेवढं सांग.

तुझा,
मच्छिंद्र


मळ्यातली वस्ती
१८ ऑक्टोबर १९८७

चि. मच्छिंद्र,

बोलायचं ते बोललास, म्या ऐकून घेतलं. तू धाकला हायस म्हणून उलटून बोलत न्हाय. पण त्या बाजंपाशी समदा उन्हाळा मी हुते, तू न्हवतास.

अंधाराचं म्हणशील तर मला सवय हाय. वीज नको. तुझ्याच्यानं झालं तर बॅटरी धाड.

आता राग कवा संपणार ते विचारलंस. सांगती. हस्ताच्या पावसानं यंदा उलीशी लाज राखली, भावजींची ज्वारीची पेरणी चाललीय. मी पंखा लावून दारात बसती. ऑक्टोबरचं ऊन कडक, पंखा जोरात. समोर त्यांचं रान आन रानाच्या मधोमध सिमिटाचा खांब. "औताला आड येतो" म्हणून आमचा खांब माघारी धाडला हुता न्हवं? आता येतोय आड! दर फेरीला खांबापाशी बैलं थांबवायची, पेरायची पाभर उचलायची, वळसा घालायचा, पुन्यांदा टेकवायची. पुढल्या फेरीला परत तेच. मऊ गादीवर बसायची सवय लागलेला चेअरमन, पण यंदा गड्यांची मजुरी परवडंना म्हणून पाभर स्वताच धरतो. मी एक बी वळसा चुकवत न्हाय. खांबाभवती ज्वारी उगवायची न्हाय, तिथं गोल टक्कल पडंल, ते बी बघीन.

तार वढली असती तर तो विजेचा खांब झाला असता. लोक म्हणले असते, चेअरमननं वहिनीला रानातनं वाट दिली, लई मोठ्या मनाचा माणूस. त्याला मोठं करायला म्या खड्डा खांदाय लावला न्हवता. आता जो तो येता जाता विचारतो, "चेअरमन, खांब कशाचा ओ?" ते बैलांना हाळी देऊन पुढं जात्यात.

काल ते बैलं सोडून बांधापातूर आले. माझ्या आंगणात पाय टाकला न्हाय, बांधावरच उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. चेहरा उतरलेला. म्हणले, "वहिनी, तुम्ही म्हणाला तसं समदं केलं. आता तार वढू द्या. न्हायतर खांब तरी काढाय लावा. ह्याच्याकडं बघून मला दादा आठवतो, अन्न ग्वाड लागंना."

खोटं कशाला सांगू, तवा एक घडीभर व्हय म्हणावं वाटलं. धाकटे दीर हायेत, माझ्या लग्नात करवल्यासारखे मिरवले हुते. मग माझी नजर बाजंवर गेली. ती आजून तिथंच हाय, पंख्यापुढं, दाराकडं तोंड करून.

म्हणलं, "भावजी, तार येईल. दाराकडं बघत बसा."

तुझी अक्का,
धुरपता